पोस्टरवरचे 10 कोटी, निर्मात्याच्या पदरात किती? (नोंद सहावी)

पोस्टरवर छापलेल्या कमाईतलं निर्मात्याच्या हाती किती उरतं, याचा हिशोब मी मराठी चित्रपटांसाठी एका वहीत मांडतोय. आधी मागच्या नोंदीतली चूक. 180 रुपयांच्या तिकिटातून जीएसटी काढताना मी सरळ 18 टक्के वजा करत होतो. नेट, म्हणजे कर काढून उरणारी रक्कम, यायचं 147.60. पण कर तिकिटाच्या आतच धरलेला असतो. 180 ला 1.18 ने भागायचं, म्हणजे 152.54. एका तिकिटामागे जवळजवळ 5 रुपयांचा फरक! सगळी वही पुन्हा मांडली, दोन रविवार त्यातच गेले.

सिंगल स्क्रीनचा, म्हणजे एकाच पडद्याच्या थिएटरांचा, रकानाही आता वेगळा केलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के कर आहे, त्यापुढे 18. म्हणजे 90 च्या तिकिटाचं नेट 85.71 आणि 120 चं 101.69. प्रेक्षकानं 30 रुपये जादा मोजले, वाटणीला आले 16. जुन्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: जुलै 2017 च्या आधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. तेव्हाचं ग्रॉस, म्हणजे तिकिटांची एकूण विक्री, जवळपास नेटच.

खुर्च्यांची मोजणी मात्र अजून मनासारखी जमत नाही. बुकिंगच्या ॲपवर भरलेल्या दिसणाऱ्या काही खुर्च्या तिकीट खिडकीवरच्या विक्रीसाठी राखलेल्या असतात. म्हणून प्रत्येक शोची नोंद दोनदा घेतो, सकाळी एकदा आणि शो लागायच्या तोंडावर एकदा. सकाळपासून हललेल्याच नाहीत अशा रांगांवर खूण करतो.

आमच्या पेठेतल्या एका काकांनी उभी हयात थिएटरच्या मॅनेजरकीत काढली. त्यांना वही दाखवली.

“पोस्टर बघून हिशोब करतूस व्हय? डीसीआर बघाय शिक की लेका.”

मग तासभर समजावलं. डीसीआर म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट. रोजच्या त्या कागदावर शो, तिकिटाचा दर, विकलेली तिकिटं, कर, नेट, सगळं ओळीनं असतं. वितरकाचा वाटा, म्हणजे शेअर, त्या नेटवर निघतो. या कागदानं माझी वही पहिल्यांदा जमिनीवर आली.

मल्टिप्लेक्ससाठी मी निर्माते-वितरकांच्या 2009 च्या संपानंतर हिंदी चित्रपटांना ठरलेले शेअरचे दर धरतो: पहिला आठवडा 50 टक्के, दुसरा 42.5, तिसरा 37.5, पुढे 30. मराठीलाही तेच मिळतात, हे माझं गृहीतक. समजा ग्रॉस 10 कोटी, सगळी तिकिटं 18 टक्क्यांतली. नेट 8.47 कोटी. त्यातलं 60 टक्के पहिल्या आठवड्यात, 25 दुसऱ्यात, 15 तिसऱ्यात आलं, तर शेअर 3.92 कोटी. वितरकाचं कमिशन 10 टक्के धरलं की उरले 3.53. जाहिरात आणि डिजिटल प्रोजेक्शनच्या भाड्याला दीड कोटी गेले, तर निर्मात्याकडे 2 कोटी येतात, आणि चित्रपट बनवायचा खर्च अजून त्यातून निघायचाय. सॅटेलाइट (टीव्हीचे हक्क) आणि ओटीटीचा रकाना मी कोराच ठेवलाय. अंदाजावर अंदाज रचायचा नाही.

1929 मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी ज्या कोल्हापुरात उभी राहिली, त्या गावात ‘सुपरहिट’चा बोर्ड लागूनही निर्माता कर्जात का राहतो, हे मला आकड्यांत बघायचंय.

पुढच्या शुक्रवारी इचलकरंजीचे शो मोजणार आहे. सांगली-साताऱ्याकडचं कुणी मोजत असेल, तर तिकिटाचा दर आणि शोची वेळ दोन्ही लिहून ठेवा. नुसत्या भरलेल्या खुर्च्यांवरून शेअर काढता येत नाही.