बॅटरी नोंदवही ७ : आईवरचा आळ मागे घेतोय

मागच्या नोंदीत घराचा विजेचा वापर दिवसाला १५ युनिटांच्या वर लिहिला होता. तो आकडा खोडा. इन्व्हर्टरच्या ॲपमधला स्तंभालेख बघितला आणि तसाच उतरवला, ही माझी चूक.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : घर कोल्हापुरात रंकाळ्याजवळ, गच्चीवर ३.३ किलोवॅटची पॅनेलं, खाली हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेलं, बॅटरी आणि ग्रिड म्हणजे बाहेरची वीज, तिन्ही सांभाळणारा) आणि ५१.२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. म्हणजे ५.१२ युनिट. २० टक्क्यांखाली उतरू देत नाही, त्यामुळे हातात येतात साधारण ४.१.

भानगड अशी की, ॲपवर रोज दुपारी साडेबारा ते साडेतीन वापराचा दीड किलोवॅटचा डोंगर दिसायचा. त्या वेळी घरात एकटी आई. मी दोनदा विचारलं, इस्त्री? मोटर? तिसऱ्यांदा गिझरचं नाव काढलं तेव्हा तिनं मला कोल्हापुरी थाटात झापलं. "जेवून झोपलेला असतो मी. झोपेत गिझर लावतोय काय?"

तिचं खरं होतं. दोन चुका एकमेकींवर बसल्या होत्या.

पहिली घड्याळाची. कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या जरा पुढं. ॲपमध्ये पॅनेलांचं शिखर तीनला दिसत होतं. लॉगरची, म्हणजे इन्व्हर्टरचे आकडे ॲपला पाठवणाऱ्या डबीची, वेळ चीनची निघाली, आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. म्हणजे डोंगर खरा दहा ते एकचा, बॅटरी भरायच्या वेळेचा. शिवाय ॲपचा 'दिवस' आपल्या रात्री साडेनऊलाच संपायचा आणि त्यानंतरचे पंखे-टीव्ही उद्याच्या खात्यावर जायचे. महिनाभर मी ते आकडे वहीत उतरवत होतो, हे लिहितानाही कसंतरी होतंय.

दुसरी चूक मोठी. घड्याळ सुधारल्यावर एक स्वच्छ उन्हाचा दिवस धरला. बॅटरी सुरुवातीला आणि शेवटी २० टक्क्यांवरच होती. पॅनेलं १४.२, ग्रिडमधून घेतले २.१, ग्रिडला दिले ५.०, बॅटरीत भरले ४.४, बॅटरीतून काढले ४.१. 'वापर' नावाचा स्तंभ सांगतो १५.४. त्याच ॲपच्या पहिल्या पानावरचं वर्तुळ सांगतं ११.०. फरक ४.४. म्हणजे स्तंभवाल्यांनी बॅटरीत भरलेली वीजही घरानं खाल्ली असं धरलंय. पुढं तीच वीज संध्याकाळी बॅटरीतून पंख्याला गेली की पुन्हा वापरात. एकच भाकरी दोनदा मोजायची.

बरं, मग ११.० तरी खरे का? बेरीज करून बघा : १४.२ + २.१ + ४.१ − ५.० − ४.४. बरोबर ११.०. आणि इथंच माझी ट्यूब पेटली. आमच्या ॲपमध्ये घराचा लोड, म्हणजे वापर, कुणी मोजतच नाही, तो वजाबाकीत उरतो. बाकीच्या चार-पाच मापांत जी गळती, जी चूक असेल, ती सगळी घराच्या माथी. होम असिस्टंट या घरातली स्मार्ट उपकरणं जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एनर्जी डॅशबोर्डवरही घराचा आकडा असाच बेरीज-वजाबाकीनं निघतो. तिथं जाऊन सुटका नाही.

म्हणून उद्यमनगरातून डीआयएन रेलवर (एमसीबी बसवतात त्या पट्टीवर) बसणारं साधं मीटर आणलं आणि इन्व्हर्टरमधून घराच्या डीबीकडं (एमसीबींच्या पेटीकडं) जाणाऱ्या वायरीवर बसवलं. (मेन बंद करून, वायरमनला शेजारी उभं करून. हे एकट्यानं करू नका.) पुढच्या तशाच दिवशी ॲप म्हणालं ११.०, मीटर म्हणालं ९.३. १.७ युनिट गेले कुठं?

रात्री बॅटरी २० टक्क्यांवर येऊन थांबल्यावर घराचे सगळे एमसीबी पाडले. फ्रीजसुद्धा. वीज कंपनीच्या बाहेरच्या मीटरसमोर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. मीटरवर ३२०० इम्पल्सना (लुकलुकींना) एक युनिट असं छापलंय. लाल दिवा लुकलुकला, मग काहीच नाही. डास चावतायत. बावीस सेकंद, तेवीस, लुक. दहा लुकलुकी मोजल्या, सरासरी साडेबावीस सेकंद. तासाला १६० लुकलुकी, म्हणजे ५० वॅट. घर ठार अंधारात आणि ॲप आरामात दाखवतंय, 'घराचा वापर'. तो इन्व्हर्टरचा स्वतःचा खुराक. दिवसाला १.२ युनिट. उरलेला अर्धा युनिट पॅनेल-बॅटरीच्या डीसी विजेचं घरातलं एसी होताना जातो असा माझा अंदाज. १४ युनिटांवर साडेतीन टक्के, पटण्यासारखं आहे.

गिझरचीही एक गंमत. त्याचा स्मार्ट प्लग वॅट बदलले तरच निरोप पाठवतो. सहाला शून्य, सातला एकदम २०००. होम असिस्टंटमध्ये वॅटचे युनिट करताना मी ट्रॅपेझॉइडल पद्धत ठेवली होती. ती शून्यापासून २००० पर्यंत तिरकी रेघ ओढते आणि बंद गिझरच्या नावावर एक अख्खा युनिट चढवते. पद्धत 'लेफ्ट' केली (नवा निरोप येईपर्यंत आधीचाच आकडा धरणारी), भूत गेलं.

आता ॲप फक्त बॅटरीचे टक्के बघायला उघडतो. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी नव्या मीटरचं रीडिंग लिहायला घेतलंय, रोज सकाळी सातला, चष्मा लावून. काल माझ्या वहीत ९.१ आणि तिच्याकडं ९.४. मी रात्री बाराचं धरतो, ती सातचं. तिचंच ठेवलंय.