खातं कायमचं डिलीट करायचंय? आधी नोंदवलेला नंबर तपासा

एका मोठ्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मवरचं माझं खातं एकदाचं पुसलं गेलं. सुटल्यासारखं वाटतंय, पण मधल्या एका टप्प्यावर त्यांनी मला जे ताटकळत ठेवलं त्याचा संताप अजून उतरलेला नाही. बाहेर पडू पाहणाऱ्यांना ती जागा आधी ठाऊक असावी म्हणून हे लिहितेय.

निघायचं ठरवलं ते माझ्याच माहितीची फाईल वाचून. बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये आपली माहिती डाउनलोड करण्याचा पर्याय असतो. माझ्या पोस्ट आणि फोटो त्यात असणार हे धरूनच चालले होते. पण पुढे बाहेरच्या वेबसाइट आणि अ‍ॅपची लांबलचक यादी निघाली: औषधं मागवायचं अ‍ॅप, नोकऱ्यांची साइट, बातम्यांची साइट. तिथे मी या खात्याने कधी लॉगिनसुद्धा केलेलं नव्हतं. अशा साइटवर प्लॅटफॉर्मने दिलेला पिक्सेल नावाचा कोडचा तुकडा बसवलेला असतो. कुठलं पान उघडलं, काय शोधलं, काय कार्टमध्ये टाकून सोडून दिलं, हे तो परस्पर कळवतो. शेजारी माझ्या आवडीनिवडींची यादी होती आणि तिच्यात निद्रानाश होता. त्याबद्दल मी तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. रात्री कशावर किती वेळ रेंगाळले, यावरूनच तो अंदाज बांधलेला असणार.

२०१२ च्या जानेवारीत फेसबुकने एका प्रयोगात सुमारे ६ लाख ८९ हजार लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा उदास पोस्ट आठवडाभर कमी करून पाहिल्या आणि त्याने त्यांचं स्वतःचं लिहिणं बदलतं का ते मोजलं. त्या लोकांना वेगळं काही विचारलेलं नव्हतं. २०१४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा गवगवा झाला. परिणाम अगदी बारीक निघाला होता, पण मला तेवढं पुरे होतं. माझी झोप उडालेली आहे हे ज्यांना कळतं, त्यांनीच रात्री मला काय दाखवायचं ते ठरवावं, हे मला मान्य नाही.

आता अडलं कुठे ते सांगते. 'खातं तात्पुरतं बंद करा' हे बटण मोठं आणि ठळक. कायमचं काढून टाकण्याचा पर्याय चार पानं आत, फिकट अक्षरांत. कारण विचारलं, मित्रमैत्रिणींचे फोटो दाखवले, पासवर्ड मागितला. इथपर्यंत ठीक. मग ओटीपी, आणि तोही फक्त मोबाइलवर. तो नंबर मी केव्हाच सोडला होता. 'सुरक्षेसाठी नंबर जोडा' असा त्यांनीच वर्षानुवर्षं तगादा लावला होता म्हणून कधीकाळी दिलेला. नंबर बदलू म्हटलं तर त्यासाठी जुन्याच नंबरवर ओटीपी. ईमेल नोंदवलेला होता, पडताळलेला होता, पण या कामासाठी तो चालत नव्हता.

मदतकेंद्राचा फॉर्म भरला. उत्तर आलं की ओळखपत्राचा फोटो आणि चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवा. म्हणजे असलेली माहिती पुसायची तर त्यांच्याकडे कधीच नव्हती ती माहिती आधी द्यायची! मी नकार कळवला. पुन्हा तोच मजकूर आला, खाली तीच लिंक, आणि ती लिंक फिरून त्याच ओटीपीच्या पानावर. माणूस कुठेच नाही.

भलत्याच कुणी माझं खातं उडवू नये म्हणून तपासणी हवीच, हे मला पटतं. पण याच फोनवर, याच खात्यात, मी दिवसभर स्क्रोल करत होते, पोस्ट टाकत होते, जाहिरातींवर टिचकी मारत होते, तेव्हा कुणी ओटीपी मागितला नाही. आत राहायला मी मीच होते. निघताना मात्र मी मीच आहे याचा पुरावा हवा झाला. आणि सुरक्षेसाठी दिलेले नंबर सुरक्षेपुरतेच राहतात असंही नाही: तसे घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल ट्विटरला मे २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

वाट सापडली ती गोपनीयता धोरणाच्या तळाशी. तिथे डेटा संरक्षण अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता असतो. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यामुळे अशा कंपन्यांना तो अधिकारी नेमावा लागतो. (१७ वं कलम माहिती पुसून घेण्याच्या हक्काचं आहे. कायदा सगळ्यांना लागू नसला तरी त्या पत्त्यावर लिहायला कुणाची आडकाठी नाही.) नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहिलं: खातं उघडल्याची तारीख, मागच्या लॉगिनच्या वेळा, वापरलेली उपकरणं. हे सगळं त्या डाउनलोड केलेल्या फाईलमध्येच होतं. ओळखपत्र देणार नाही, याखेरीज काय हवं ते लेखी कळवा, असंही स्पष्ट लिहिलं. बरेच दिवस शांतता. मग एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं आणि ईमेलवर पुष्टीची लिंक. ओळखपत्र न देता काम झालं याचा मला अभिमान आहे. तुम्हीही देऊ नका. निदान पहिल्या मागणीला तरी नाहीच.

म्हणून फाईल आधी उतरवून घ्या. खातं अडकल्यावर तीही मिळेल याची खात्री नाही.

पुढचं सोपं आहे, फक्त मागणी केल्यापासून खातं खरंच पुसलं जाईपर्यंतची मुदत सांभाळा. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर ती ३० दिवसांची असते आणि मध्ये एकदा जरी लॉगिन झालं तरी मागणी रद्द होते. या खात्याने ज्या इतर अ‍ॅपमध्ये शिरता तिथे आधीच ईमेल आणि पासवर्ड लावून ठेवा, नाहीतर त्यातलं एखादं उघडताना नकळत लॉगिन होईल. या दिवसांत 'अमुकने फोटो टाकला' अशा मेलचा मारा होतो. एकही उघडू नका. अ‍ॅप काढून टाका, जुन्या टॅबलेटवरूनसुद्धा.

बाहेरच्या साइटवरून आलेली माहिती खात्यापासून तोडण्याचा पर्याय असेल तर तो डिलीट करण्याआधी वापरा. आणि खातं गेलं म्हणजे पिक्सेल थांबला असं समजू नका. खातं नसलेल्या लोकांचीही माहिती फेसबुक गोळा करतं, हे झकरबर्गने एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केलं होतं. ब्राउझरमध्ये ट्रॅकर अडवण्याची सोय चालू करा. नव्या अँड्रॉइड फोनवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखायचा क्रमांक, पुसता येतो. आयफोनवर २०२१ पासून प्रत्येक अ‍ॅपला ट्रॅकिंगची परवानगी विचारावी लागते. तिथे सरसकट नाही म्हणता येतं, एकाच बटणाने.