बंद करायचं बटण कुठे असतं?

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. कुठल्याशा ॲपची मेंबरशिप तिला बंद करायची होती आणि ती कुठून बंद होते तेच सापडत नव्हतं. "अगं, अर्धा तास झाला, नुसती गोल गोल फिरतेय मी," म्हणाली. ते ॲप मी जन्मात उघडलं नव्हतं. तरी म्हटलं, "मावशी, अगदी तळाला जा. रंगीत बटणांकडे बघूच नकोस. त्यांच्याखाली करड्या अक्षरांत एक बारकी ओळ असेल, ती दाब."

होतीच. "तुला कसं गं कळलं?" तिने विचारलं. म्हटलं, अंदाज.

अंदाज कसला! ॲपचे स्क्रीन आखणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि ती ओळ आम्ही सगळेच तिथे ठेवतो.

गाण्यात घराणी असतात तशी बटणांची असती, तर आमचं घराणं सिएटलचं म्हणावं लागेल, म्हणजे ॲमेझॉनचं. क्लायंटच्या मीटिंगमध्ये "ॲमेझॉनसारखं करा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली कोणी तोंड उघडायच्या आधीच ते वहीत लिहून ठेवते. लोक या कंपनीविषयी बोलतात तेव्हा जेफ बेझोस, त्याचं रॉकेट, १९९४ मधलं ते गॅरेज असं सगळं निघतं. मला मात्र तिचा इतिहास बटणांतच दिसतो. कुठलं मोठं केलं, कुठलं बारीक केलं, कुठलं काढून टाकलं.

सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांना अमेरिकेत 'वन-क्लिक'चं पेटंट मिळालं. पत्ता आणि कार्ड आधी नोंदवलेलं असलं की एकदा दाबायचं, ऑर्डर गेली. एवढ्याचं पेटंट! पुढच्याच महिन्यात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं, आणि डिसेंबरात, नाताळच्या ऐन गर्दीत, कोर्टाने मनाई हुकूम दिला. बार्न्स अँड नोबलने काय करावं? एक क्लिक वाढवला. मुद्दाम. ग्राहकाने दुसऱ्यांदा 'हो' म्हटलं की पेटंट मोडत नाही. तो हुकूम २००१ मध्ये वरच्या कोर्टात टिकला नाही, नंतर दोघांनी तडजोड केली, २०१७ मध्ये पेटंटची मुदतही संपली. पण तो धडा आमच्या हाडात मुरला: दुसऱ्यांदा विचारलंत की माणूस विचार करायला लागतो.

पुढे त्यांनी खरंखुरं, प्लॅस्टिकचं बटण काढलं. वॉशिंग मशीनला चिकटवायचं, पावडर संपत आली की दाबायचं. ३१ मार्च २०१५ ला ते जाहीर झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. जर्मनीत मात्र त्याचं घोडं अडलं. तिथला कायदा सांगतो की ऑर्डरच्या बटणावर 'पैसे पडतील' हे स्पष्ट लिहिलेलं हवं आणि दाबण्याआधी किंमत दिसायला हवी. प्लॅस्टिकच्या त्या ठोकळ्यावर कुठली आलीय किंमत? जानेवारी २०१९ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने त्याला बेकायदा ठरवलं, आणि त्याच वर्षी ॲमेझॉनने ती बटणं विकणं थांबवलं. खोटं कशाला बोलू, मला ते बटण फार आवडलं होतं.

हे झालं आत यायचं दार. बाहेर जायचं दार कसं होतं ते सरकारी कागदांतच वाचायला मिळालं. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्राइम या त्यांच्या मेंबरशिपवरून दावा लावला. लोकांना नीट न विचारता मेंबर करून घेतलं आणि सोडताना छळलं, असा आरोप. सोडण्याच्या त्या रस्त्यात चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय होते असं दाव्यात म्हटलंय. आणि कंपनीत आपसात त्या रस्त्याला नाव काय होतं, तर 'इलियड'. होमरचं ते ट्रॉयच्या लांबलचक युद्धाचं महाकाव्य. टीम मराठी असती तर 'महाभारत' पडलं असतं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, कारण अशी नावं कुठे पडतात ते मला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत, हसत हसत.

गंमत म्हणजे जुलै २०२२ मध्ये युरोपियन कमिशनच्या दबावाखाली त्यांनी युरोपात प्राइम दोन क्लिकमध्ये सोडता येईल असं करून दिलं होतं. म्हणजे दोन क्लिकचा रस्ता बांधता येत नव्हता अशातला भाग नाही. अमेरिकेतला खटला सप्टेंबर २०२५ मध्ये, सुनावणी सुरू झाल्यावर मिटला. २५० कोटी डॉलर. त्यातले १०० कोटी दंड, १५० कोटी ग्राहकांना परत. कंपनीने चूक कबूल केली नाही. तडजोडीतली एक अट मी प्रिंट काढून टेबलाशी लावली आहे: प्राइम नाकारायचं बटण स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि त्यावर 'नको, मला मोफत डिलिव्हरी नको' असलं काही लिहायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला आपणच मूर्ख आहोत असं वाटावं, अशी ती वाक्यरचना असते. आमच्याकडे याला 'कन्फर्मशेमिंग' म्हणतात.

लिहायला बसले आहे तर माझंही लिहिते. चार वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी असाच रस्ता आखला. तीन स्क्रीन. पहिल्यावर काय काय गमवाल याची यादी, दुसऱ्यावर सवलत, तिसऱ्यावर एक रडवेला चेहरा आणि 'खरंच चाललात?' त्या चेहऱ्याच्या भुवया मी तीनदा बदलल्या, कारण पहिल्या खेपेला तो रागावलेला दिसत होता. सोडून जाणाऱ्यांचा आकडा उतरला, मला शाबासकी मिळाली. मग तक्रारींच्या गठ्ठ्यात एक ईमेल आली. एक बाई वारलेल्या वडिलांचं खातं बंद करत होत्या. त्यांनी फक्त तिसऱ्या स्क्रीनचा फोटो जोडला होता, वर मजकूर काही नाही. चेहरा दुसऱ्या दिवशी काढला. बाकीचे दोन स्क्रीन अजून तसेच आहेत.

बरं, हे ग्राहकाचं झालं. विक्रेत्याची मान तर आणखी वेगळ्या बटणात अडकलेली. एकच वस्तू दहा जण विकत असले तरी 'कार्टमध्ये टाका' हे मोठं बटण एकाच्या वाट्याला येतं. त्याला 'बाय बॉक्स' म्हणतात, आणि ते गेलं की दुकान उघडं असूनही बंद. दुसऱ्या साइटवर स्वस्त विकणाऱ्याला इथे मागे ढकलतात, हा सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि १७ राज्यांनी लावलेल्या मक्तेदारीच्या दाव्यातला एक मुख्य आरोप. ॲमेझॉनला तो मान्य नाही. पण बटण काढून घेण्यात किती ताकद असते ते जानेवारी २०१० मध्येच दिसलं होतं. ई-पुस्तकांच्या किमतीवरून मॅकमिलन या प्रकाशकाशी वाजलं, आणि एका रात्रीत त्यांच्या पुस्तकांवरची खरेदीची बटणं गेली, छापील पुस्तकांचीसुद्धा. पुस्तक दिसतंय, घेता येत नाही. त्या खेपेला ॲमेझॉनलाच नमतं घ्यावं लागलं.

गोदामात हेच तंत्र उलट वळतं. तिथे स्कॅनर माणसाच्या हातात असतो, पण मोजला जातो माणूस. दोन स्कॅनमधली रिकामी वेळ 'टाइम ऑफ टास्क' म्हणून नोंदली जाते. स्वच्छतागृहात जायलाही वेळ उरणार नाही असे कोटे लावू नका, हे कॅलिफोर्नियाला कायदा करून सांगावं लागलं. २०२२ पासून तो लागू आहे. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने ट्विटरवर एका खासदाराची टर उडवली होती, की बाटल्यांत लघवी करावी लागते ही गोष्ट तुम्हाला खरी वाटते की काय. दहा दिवसांच्या आत माफी मागितली, ड्रायव्हरांच्या बाबतीत ते खरं आहे म्हणून. ग्राहकाचे क्लिक वाचवले की ते कुठेतरी जातातच. ते याच लोकांच्या अंगावर पडतात असं मला वाटतं.

मग ॲमेझॉन सोडून द्यायचं का? माझे अर्धेअधिक क्लायंट त्यांच्याच सर्व्हरवर राहतात, म्हणजे त्यांची ॲप आणि साइट ॲमेझॉनने भाड्याने दिलेल्या कॉम्प्युटरवर चालतात. २०२४ मध्ये कंपनीच्या ६,८६० कोटी डॉलर कामकाजी नफ्यातले ३,९८० कोटी त्या सर्व्हरच्या धंद्याचे होते, दुकानाचे नव्हेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या एकाने कमांड टाइप करताना चूक केली आणि काही तास अमेरिकेतल्या कितीतरी साइट लंगडत होत्या. त्यातला माझा आवडता तपशील: सगळं ठीक आहे ना ते दाखवणारं त्यांचं पानही त्याच सेवेवर टेकलेलं होतं, त्यामुळे आग लागलेली असताना त्यावरच्या खुणा हिरव्याच.

काल मावशीचा परत फोन. त्या ॲपवाल्यांची ईमेल आलीय म्हणाली, 'तुमची आठवण येते', आणि खाली हे भलंमोठं नारिंगी बटण.

"हे चुकून दाबलं गेलं तर काय होईल गं?"

"परत सुरू होईल."

"लगेच? काही विचारणार नाहीत?"

"नाही गं. काही नाही विचारणार."