कोंबुचा घेऊन बारा तासांचा प्रवास : कुठली बाटली टिकली, कुठली नाही

तर झालं असं की ताईकडे सगळे जमणार होतो आणि फोनवर बोलता बोलता मी म्हणून बसले की कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं फसफसणारं पेय) मी आणते, तुम्ही कोल्ड्रिंक वगैरे काही आणू नका. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की रात्रभर ट्रेन, मग सकाळी तीन तास बस, त्यात शेवटचा तास घाट, आणि आपल्या हातात जवळजवळ पाच लिटर फसफसणारं जिवंत पेय. घरी बरणीवर फडकं बांधलेलं असतं तेव्हा हा कोंबुचा अगदी गरीब गाय असतो, घट्ट झाकणाखाली गेला की त्याचं रूप वेगळंच.

घरात होत्या त्या बाटल्या गोळा केल्या. एक एक लिटरच्या दोन कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्या, तारेच्या खटक्याचं झाकण असलेल्या दोन गोल काचेच्या, तसलाच खटका असलेली पण चौकोनी अशी एक गिफ्ट मिळालेली सुंदर निळसर बाटली, आणि नवऱ्याचा स्टीलचा थर्मास. पहिल्या चार आधीच भरलेल्या होत्या, आल्याचा रस घालून तीन दिवस बाहेर ठेवून मग दोन रात्री फ्रिजमध्ये. आइसबॅगेत त्या चारच मावल्या, सोबत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. चौकोनी बाटली आणि थर्मास निघायच्या दिवशी संध्याकाळी थेट बरणीतून भरले, गळ्यापर्यंत, कारण उरलेला टाकायचा जिवावर आलं. ही चूक नंबर एक आणि दोन, दोन्ही एकाच मिनिटात.

ट्रेनमध्ये काहीच झालं नाही. बसमध्ये घाट सुरू व्हायच्या जरा आधी पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीतून दबका ठक्क आवाज आला आणि मग आंबूस वास. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं व्हिनेगर सांडलं का तुझं?" बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती म्हणून वाचलो, काचा सगळ्या टॉवेलातच राहिल्या, पण तळ असा अख्खा वेगळा झाला होता की कुणी कापून काढलाय. खटका मात्र जसाच्या तसा घट्ट लागलेला! म्हणजे झाकण एकदम मजबूत आणि बाटलीच कच्ची, हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन. झाकण कच्चं असतं तर नुसतं गळलं असतं.

चौकोनीच का फुटली याचं कारण सोपं आहे. गोल बाटलीत आतला दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी बाटलीत सपाट बाजू बाहेर फुगायला बघतात आणि सगळा ताण कोपऱ्यांवर आणि तळाच्या कडेवर येतो. त्यात असल्या शोभेच्या बाटल्या तेल नाहीतर सरबत ठेवायला केलेल्या असतात, काच पातळ, कुठे जाड कुठे बारीक. खटक्याचं झाकण दिसलं म्हणजे ती गॅसवाल्या पेयाची बाटली असा माझा समज होता, तो चुकीचा. विकत घेताना ती फसफसणाऱ्या पेयासाठीच आहे असं लिहिलेलं असेल, गोल असेल, हातात वजनदार लागत असेल तरच घ्या. आणि काचेवर एखादा टवका किंवा खोल ओरखडा असेल तर ती बाटली घरात फुलं ठेवायला.

आता थर्मासची गोष्ट, ही मला जास्त लाजिरवाणी वाटते कारण नवरा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला होता, "थर्मास आहे, थंडच राहील." थंड राहील कधी, आत थंड घातलं तर! आम्ही घातला होता बरणीतला, खोलीच्या तापमानाचा. थर्मास काही थंड करत नाही, आहे तसं ठेवतो, म्हणजे आम्ही यीस्टला बारा तास छान ऊबदार खोली दिली, खायला साखर दिली आणि दार घट्ट लावून घेतलं. ताईच्या ओट्यावर भावजींनी झाकण फिरवलं, शेवटच्या आट्याला ते हातातून सुटलं आणि छताला जाऊन आपटलं, मागून अर्धा कोंबुचा. तोंड बाजूला होतं म्हणून हसतोय. स्टील फुगलेलं दिसत नाही, दाबून कळत नाही, आत काय चाललंय ते बाहेरून समजायचा काही मार्गच नाही. दोन थरांच्या बंद थर्मासमध्ये आंबणारं पेय घालू नका, कितीही महागाचा असू दे. बऱ्याच थर्मासच्या सूचनांमध्ये गॅसची पेयं घालू नका असं लिहिलेलंही असतं, आपण ते वाचत नाही एवढंच.

आणि आइसबॅगेतल्या चारही बाटल्या? पोचल्या, शांतपणे. बर्फ निम्मा वितळला होता पण बाटल्या हाताला गार लागत होत्या.

यातून मला जे कळलं ते असं की बाटली कुठली हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा, पहिला प्रश्न साखर किती उरलीय आणि थंडावा किती टिकणार. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये साखर असते पण ती खाणारं कुणी नसतं, त्यामुळे दाब आहे तिथेच राहतो. घरच्या कोंबुचात साखरही असते आणि खाणारेही. हिशोब साधारण असा, लिटरमागे ४ ग्रॅम साखर, म्हणजे एक छोटा चमचा, यीस्टने खाल्ली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो म्हणजे जवळपास त्या पेयाच्या आकारमानाइतकाच गॅस. बेताने फसफसणाऱ्या पेयात असा साधारण अडीचपट गॅस असतो. म्हणजे प्रवासात अजून दोनच चमचे साखर आंबली तरी बाटलीतला गॅस पावणेदोन पट होतो. आणि आपण सुरुवातीला लिटरला ५० ते १०० ग्रॅम घालतो, त्यातली बरीच शेवटपर्यंत तशीच असते, वर फळांचा रस घातला की अजून भर.

तापमानाचं तर विचारूच नका. तोच अडीचपट गॅस ४ डिग्रीला असेल तर बाटलीत साधारण ११ पीएसआय (टायरची हवा मोजतात ते माप) दाब, २० डिग्रीला २७, आणि ३० डिग्रीला ४० च्या आसपास. कारच्या टायरमध्ये साधारण ३०-३३ असतो, म्हणजे आधीच गॅस भरलेली बाटली ३० डिग्रीला टायरपेक्षा जास्त दाबाची होते आणि हे नवीन गॅस तयार न होता, नुसतं गरम झाल्याने. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली तर काय होईल ते तुम्हीच बघा. मला आधी वाटलं होतं की घाट चढल्यामुळे फुटली, भावजीही तेच म्हणाले, पण दीड हजार मीटर चढलं तरी बाहेरचा दाब दोन-अडीच पीएसआयच कमी होतो. घाटाला उगाच बदनाम करायला नको, बाटली गरम होती, आत नवा गॅस तयार होत होता आणि ती गळ्यापर्यंत भरली होती, बास.

तर पुढच्या वेळी कुणी नेणार असेल तर माझं मत सरळ आहे, कोल्ड्रिंकची किंवा सोड्याची प्लॅस्टिक बाटली. दिसायला अगदीच गचाळ, मान्य. पण ती दाबासाठीच बनवलेली असते, तळाशी त्या पाच पाकळ्यांसारखे पाय असतात ना ते उगाच नसतात, दाबाने तळ फुगून बाटली लवंडू नये म्हणून असतात. साध्या पाण्याची पातळ बाटली घेऊ नका, ती दाबाने फुगते आणि उभीच राहत नाही. सोड्याच्या बाटलीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बोटाने दाबून कळतं. दबतेय तोवर ठीक, दगडासारखी झाली की झाकण किंचित सैल करून फुस्स होऊ द्यायचं आणि परत आवळायचं, आम्ही घरात याला ढेकर काढणं म्हणतो. आणि समजा फाटलीच तरी काचा उडणार नाहीत.

काचेच्याच न्यायच्या असतील तर एक युक्ती, त्याच बॅचमधून एक छोटी सोड्याची बाटली पण भरायची आणि काचेच्या बाटल्यांच्या शेजारीच ठेवायची, म्हणजे तेवढंच तापमान. ती छोटी कडक झाली की काचेच्या आत पण तेच चाललंय समजा. मी परतीच्या आधी ताईकडे हे करून बघितलं, दिवसभर बाहेर ठेवलेली छोटी बाटली संध्याकाळी वाजवली तर टणटण.

प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी घालून धुवायला जाऊ नका, ७० डिग्रीच्या आसपास ती आकसून वेडीवाकडी होते आणि मग झाकणही नीट बसत नाही. कोमट पाणी आणि साबण पुरे. आत ओरखडे पडले, वास जाईना, की टाकून द्यायची. आणि प्रवासापुरती ठीक आहे, महिनाभर साठवायला नको, हळूहळू गॅस पण निघून जातो त्यातून.

जॅमच्या, सॉसच्या बरण्या नकोत, ती झाकणं आतून येणाऱ्या दाबासाठी नसतातच, ती उलट आत ओढून धरायला असतात. तांब्या-पितळेचं काहीही नको. कोंबुचाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण २.५ ते ३.५ असतो, एवढ्या आंबट पेयात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात, अमेरिकेच्या अन्न नियमांत तर ६ पेक्षा कमी पीएचच्या पदार्थाला तांबं लागू द्यायचं नाही असंच आहे. ॲल्युमिनियमच्या बाटलीत आतला थर खरवडलेला असेल तर तीही नको. मातीची किंवा चिनीमातीची चकचकीत सुरई छान दिसते पण तिच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, ऑस्ट्रेलियात एका जोडप्याने सिरॅमिकच्या भांड्यात कोंबुचा करून सहा महिने प्यायला आणि शिशाची विषबाधा झाली, १९९८ मध्ये ते तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. ते भांडं बनवायचं होतं, न्यायचं नाही, पण आंबट तेच ना.

निघायच्या आधी मी आता काय करते सांगते. आदल्या दिवशी बाटलीत नुसतं पाणी भरून पेपरवर उलटी ठेवते रात्रभर, पेपर ओला झाला तर खटक्याची रबराची रिंग बदलायची, ती वापरून वापरून कडक होते. कोंबुचा बारीक फडक्यातून गाळून भरते कारण आल्याचे तुकडे, रसाचा गर यांच्यावरच बुडबुडे धरतात आणि उघडताना सगळं उसळतं. वर तीन-चार बोटं जागा सोडते. दोन रात्री फ्रिज, मग घरातून निघताना सगळ्यात शेवटी आइसबॅगेत. फ्रीझरमध्ये काच अजिबात नाही, पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. बाटल्या उभ्याच ठेवायच्या, प्रत्येकीला जुना मोजा घालायचा, हसू नका, एकमेकींवर आपटत नाहीत. आणि काचेच्या असतील तर मोज्यावर अजून एक जाड पिशवी.

पोचल्या पोचल्या उघडायच्या नाहीत! हिंदकळल्याने दाब वाढत नाही, हे मलाही नवीन होतं, पण उघडल्यावर फेस मात्र बेसुमार येतो. दोन-तीन तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, मग सिंकमध्ये, झाकणावर जाड टॉवेल, तोंड लांब, आणि हळूहळू.

विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, चेक-इनमध्येच जाते. वरती केबिनचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, सामानाच्या भागातही साधारण तसाच, म्हणजे फरक तीन-चार पीएसआयचा. खरी भीती सामान उन्हात पडून राहतं त्याची, आणि तिथे तुमचा काही कंट्रोल नसतो, त्यामुळे मी तरी विमानात नेणार नाही. अजून एक, घरच्या कोंबुचात थोडं अल्कोहोल असतंच, बंद बाटलीत, गोड रस घातल्यावर अर्ध्या टक्क्याच्या वरही जाऊ शकतं, म्हणून लहान मुलं, गरोदर बाई आणि गाडी चालवणारा यांना देताना आधी सांगायचं. मी ताईच्या घरी ते आधी सांगायला विसरले, मग सांगितलं तर दोघांनी ग्लास खाली ठेवले.

येताना रिकाम्या बाटल्या आणल्या, पण मधल्या काळात ताईलाच नाद लागला आणि तिला स्कोबी, म्हणजे कोंबुचाचं विरजण असतो तो जाड थर, हवा झाला. गेल्या आठवड्यात भाचा इकडून परत जाणार होता, त्याच्याबरोबर पाठवला. जाड झिपच्या पिशवीत स्कोबी आणि कपभर जुना आंबट कोंबुचा, गोड नाही, आंबट, म्हणजे गॅस कमी होतो, वर चांगली मोकळी जागा, त्यावर दुसरी झिपची पिशवी आणि सगळं एका स्टीलच्या डब्यात, झाकण नुसतं टेकवलेलं. स्कोबीला बर्फाची गरज नसते, फक्त उन्हात तापू द्यायचा नाही. भाच्याला दम दिला होता की पिशवी मांडीवर ठेव, डिकीत नको.

रात्री ताईचा मेसेज, "पिशवी फुगलीये उशीसारखी, आत्ताच उघडू?"

मी लिहिलं, "उघड, पण ओट्यावर नको, सिंकमध्ये. आणि भावजींना लांब उभं कर."