जुन्या एटी कॉम्प्युटरचा पॉवर स्विच बदलताना: माझा अनुभव

१९९५ साली पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डची एटीएक्स ही नवी पद्धत आली आणि कॉम्प्युटरच्या पुढच्या बटणात जेमतेम पाच व्होल्ट उरले. त्याआधीच्या, एटी पद्धतीच्या ३८६, ४८६ मशीनचं तसं नाही. त्यातल्या बहुतेकांच्या पॉवर सप्लायच्या डब्यातून चार वायरींची जाड केबल निघते, कॅबिनेटच्या कडेकडेने पुढे येते आणि थेट बटणाला जोडलेली असते. म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट आपल्या बोटापासून बोटभर अंतरावर. घरातलं जुनं मशीन हौसेने उघडणारी पोरं आता बरीच दिसतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मशीन बेळगावच्या शहापुरातल्या मामांच्या छापखान्यातलं, ३८६. आत सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या उमटवणारं. आमच्या सीमाभागातल्या छापखान्यांना असल्या कार्डाचं मोल फार होतं. त्यात मजकूर इस्की या सांकेतिक पद्धतीत साठतो, आणि ती बहुतेक भारतीय लिप्यांना जवळपास एकच आहे. त्यामुळे गावांची, माणसांची नावं एकदा मराठीत टाइप केली की लिपी बदलून तीच कन्नडमध्ये दिसतात. खानापूर-चिकोडीकडच्या लग्नपत्रिकांना दोन्ही लिप्या लागतात, तिथे हे किती सोयीचं पडत असेल! त्या पत्रिका अजून मामांच्या फ्लॉपींत आहेत आणि त्या वाचायला हेच मशीन हवं.

मूळ स्विच खराब झाल्यावर पूर्वी कुणीतरी तो काढून वायरी थेट पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. "भिंतीवरचं बटण दाबलं की चालू होतंय की रे, कशाला उचकटतोस?" मामा म्हणाले. मी टेपचं टोक धरलं तर ती नुसती सरकून हातात आली. आमच्याकडच्या पावसाळ्यातल्या दमटपणात टेपचा डिंक असाच सुटतो. खाली उघडं तांबं, आणि कॅबिनेटचा पत्रा त्याला जवळजवळ टेकलेला. मामांनी पाहिलं आणि स्वतःच जाऊन प्लग काढून ठेवला.

नवा स्विच शोधताना कळलं की जुन्या रंगीत टीव्हीचा दाबून बसणारा मेन स्विच इथे चालतो. तो दोन पोलचा असतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. खडेबाजाराकडच्या एका टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. अंगावर २५० व्होल्ट आणि ४ अँपियर छापलेलं आहे ना, एवढं नीट पाहून घेतलं. खेळण्यातल्या किंवा टेपरेकॉर्डरच्या स्विचचा आकार जुळला म्हणून तो बसवायचा नाही.

आता वायरींचे रंग. माझ्याकडे तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी होती. सहसा तपकिरी-निळी या मागच्या सॉकेटमधून बटणाकडे येणाऱ्या आणि काळी-पांढरी या बटणाकडून सप्लायमध्ये परत जाणाऱ्या असतात. गल्लीतले वायरमन काका आले होते, त्यांनी बघताक्षणी काळीला न्यूट्रल म्हटलं. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असंच चालत आलंय, त्यामुळे तसं वाटणारच. पण अमेरिकन पद्धतीत काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. युरोपच्या पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. या केबलमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. त्यात आपली तिसरी मिसळली की गोंधळ ठरलेला.

म्हणून रंग बाजूला ठेवले आणि मल्टिमीटर बीपवर लावला; दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. मशीनचा प्लग काढून बराच वेळ झालेला होता. तरीही सप्लायचा डबा उघडल्यावर आधी मीटर डीसी व्होल्टवर घेऊन आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर लावला. २३० व्होल्ट डीसी झाले की सव्वातीनशेच्या आसपास जातात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहू शकतात. आकडा शून्याजवळ दिसला तेव्हाच आत हात घातला. चार्ज उरलेला असेल तर तो रेझिस्टरमधून उतरवायचा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडायची जुनी खोड वाईट.

मागच्या सॉकेटच्या फेज पिनेशी तपकिरी वायर बीप झाली, न्यूट्रल पिनेशी निळी. आतल्या काचेच्या फ्यूजशी काळी लागली, म्हणजे काळी ही फेजची परतीची. पांढरी न्यूट्रलची. मग स्विच एकटा घेतला: न दाबता चारही टोकांत कुठेच बीप नाही, दाबल्यावर दोन जोड्या. पहिल्या जोडीला तपकिरी आणि काळी, दुसरीला निळी आणि पांढरी. सगळ्या कामात जपायची जागा हीच. तपकिरी आणि निळी चुकून एकाच जोडीला लागल्या, तर बटण दाबताक्षणी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात.

प्रत्येक वायर टोकाच्या भोकातून ओवून, वाकवून मग सोल्डरचा डाग दिला आणि गरम केल्यावर आवळणारी नळी वर चढवली. केबल पत्र्याला बांधून टाकली, म्हणजे ओढ बसली तरी डागावर येणार नाही.

"हात लावला की थोडं झिणझिणतं, पण ते पहिल्यापासूनच आहे," असं छापखान्यातली माणसं या मशीनबद्दल सांगायची. सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज उभं राहतं, झिणझिण्या त्याच्याच. काकांनी भिंतीतलं सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. आधी ती त्यांनी मीटरजवळच्या अर्थिंगपासून ओढून दिली, मगच पुढचं काम.

मागचा लाल सरकता खटका २३० वर आहे हेही पाहिलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. तो ११५ वर राहिला तर आतलं व्होल्टेज दुपटीला जातं आणि कपॅसिटर फुटतात.

पहिल्यांदा करंट दिला तो १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून. मदरबोर्ड सोडवलेला, लोड म्हणून फक्त एक बाद हार्ड डिस्क, कारण असले सप्लाय रिकामे नीट चालत नाहीत. बल्ब क्षणभर लख्ख झाला आणि मंदावला. तो लख्खच राहिला असता तर शॉर्ट. मग सिरीज काढून मोजलं: लाल वायरवर ५, पिवळीवर १२ व्होल्ट. मदरबोर्डचे दोन कनेक्टर लावताना दोन्हीकडच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींशेजारी येतील असे लावले. उलटे लागले तर बोर्ड जातो.

झिणझिण्या बंद झाल्यात आणि फ्लॉपी वाचल्या जातायत. बटण बंद असलं तरी तपकिरी वायरीत करंट असतोच, म्हणून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून कुठली वायर कुठे याची आकृती चिकटवलीय. वर 'आधी प्लग काढा' असं मराठीत लिहिलंय, आणि खाली तेच मामांकडच्या कंपोझिटरने कन्नडमध्ये लिहून दिलंय.