दऱ्या की दर्या

खानापूर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक महिन्यातून एकदा बेळगावला आमच्या वाचनालयात येतात. दृष्टी गेल्यापासून ते फोनवरच्या टॉकबॅककडून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीकडून, पुस्तकं वाचून घेतात. त्या सोमवारी आले ते काठी टेकत थेट माझ्या टेबलाशी. "पुस्तक बोलतंय की ओ, पण मराठी न्हवं."

मी इयरफोन कानाला लावला. आतला आवाज सांगत होता: डॉलर, एम, कंस, टिंबं असलेला यू. पडद्यावर मात्र स्वच्छ मराठी परिच्छेद, जंगलातल्या पावसाचं वर्णन. त्यांना दोन दुकानांत फोन बिघडलाय म्हणून सांगितलेलं. एकानं नवा घ्यायला सुचवलं. पुस्तक उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ई-पुस्तकं मी टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाच्या नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत तपासतो. ईपीवाय नावाचा छोटा प्रोग्राम आहे, पायथनमध्ये लिहिलेला. जे आणि के या कळांनी ओळी वरखाली, स्पेसनं पान, टीनं अनुक्रमणिका, तिरप्या रेघेनं शोध. माउसला हात लावावा लागत नाही, २ जीबीच्या जुन्या संगणकावरही चटकन उघडतो, आणि कुठवर वाचलं ते लक्षात ठेवतो. एक पथ्य पाळावं लागतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला तर जेच्या जागी 'र' आणि केच्या जागी 'क' जातो आणि पान हलत नाही. म्हणून आधी इंग्रजीत तिरपी रेघ दाबायची, मग कळफलक बदलून मराठी शब्द टाइप करायचा, एंटर मारून पुन्हा इंग्रजी. बोटांना सवय झाली की हे सगळं दोन सेकंदांत होतं.

सरांची फाइल उघडली आणि पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण. आधी मला टर्मिनलचाच संशय आला. टर्मिनल पडद्याचे सारखे चौकोन पाडतं आणि प्रत्येक अक्षराला चौकोन मोजून देतं. आपल्या काना-वेलांटीला जागा द्यायची की शून्य धरायची यावर प्रोग्रामांचं एकमत नाही, त्यामुळे ओळी सरकतात, जोडाक्षरं फुटतात. पण फुटलेली मराठीसुद्धा मराठीच दिसते. इथं एकही देवनागरी अक्षर नव्हतं. तिरपी रेघ दाबून 'पाऊस' शोधला. पावसावरच्या पुस्तकात पाऊस एकदाही सापडला नाही.

सरांची फाइल ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या नेहमीच्या साच्यातली होती. ईपब म्हणजे मुळात झिप फाइल, अनेक फाइलींचं एक गाठोडं. ती सोडवली. आत मजकुराची पानं, सजावट ठरवणारी एक सीएसएस फाइल आणि फाँटची एक फाइल. सगळी गोम त्या फाँटमध्ये होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीवाल्यांचे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवायचे: एका घरात अर्धा 'त', दुसऱ्यात रफार, तिसऱ्यात वेलांटी. छापील पुस्तकासाठी तेवढं पुरत होतं. पण ईपब २००७ मध्ये प्रमाणित झालं. त्यानंतर बनवलेल्या ई-पुस्तकात तोच मजकूर फाँटसकट कोंबणं ही मला सरळ फसवणूक वाटते. डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला इंग्रजी कचरा मिळतो. टर्मिनल फाँट, रंग, सजावट सगळं टाकून फक्त मजकूर दाखवतं, म्हणून तिथं चोरी पकडली गेली.

आमच्या तपासणीच्या कागदावर मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या, अनुक्रमणिका यांच्या चौकटी आहेत. मजकुरातला एखादा शब्द शोधून पाहिला का, अशी चौकट नाही. त्या कागदावर सही माझी आहे.

सर म्हणाले, "मी थांबतो ओ. शेवटची गाडी सहाची आहे."

जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, हाताशी होती, त्या फाँटचा तक्ता जुळवायला दुपार गेली. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. रफार याच्या उलट: 'सर्प'मध्ये तो 'प'वर बसलेला दिसतो, पण युनिकोडमध्ये 'प'च्या आधी 'र' आणि हलन्त लागतो. पहिल्या फेरीत निम्मे रफार भलत्याच अक्षरांवर चढले. दुसऱ्या फेरीनंतर वाचण्याजोगं झालं. मग मी टर्मिनलमधून मोठ्यानं वाचत गेलो, सर ऐकत होते. कणकुंबीच्या वर्णनात त्यांनी हात वर केला.

"काय म्हणालात? दर्या?"

पडद्यावर तेच होतं: 'पश्चिमेला खोल दर्या.'

"कणकुंबीत समुद्र कुठला आला ओ? मलप्रभा उगवते तिथं. दऱ्या असणार."

स्क्रिप्ट मूळ हिंदीसाठी लिहिलेली. हिंदीला आपला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' माहीत नाही, म्हणून तिनं सगळीकडं रफार चढवला होता. सुऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, कोपऱ्यात, सगळं तसंच. पुस्तकभर हिंडून ते एकेक करून दुरुस्त केलं. आपोआप बदलता येईना, कारण 'सूर्य' आणि 'कार्य' तसेच राहायला हवे होते. साडेपाचला नवी फाइल सरांच्या फोनवर घातली. टॉकबॅकनं पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा त्यांनी फोन कानाशी धरला आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या परिच्छेदाला उठले, गाडी चुकेल म्हणून.

ते गेल्यावर मी त्या पुस्तकाची नोंदवही काढली. सरांच्या आधी मागच्या वर्षी एका बाईंनी ही फाइल नेली होती. त्यांच्या नावापुढं आमच्याच कुणाच्या तरी अक्षरात शेरा आहे: 'आवाज नीट येत नाही, फोनचा दोष.' तीन दिवस झाले, त्यांचा नंबर लागत नाहीये.