सीटपोस्ट हलतो का, हे आधी विचारा

जुन्या स्टीलच्या रोड सायकलच्या जाहिरातीत ‘चालू कंडिशन, फक्त हवा भरायची आहे’ हे वाक्य हमखास असतं. त्यातून कळतं ते एवढंच, की टायर बसलेत आणि सायकल बरीच वर्षं कुणी चालवलेली नाही. रंग, क्रोम, नक्षीदार लग (फ्रेमच्या नळ्या जोडणारे सांधे) यांचे फोटो पाहून हुरळण्याआधी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वर-खाली होतो का? हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरून फ्रेममध्ये उतरणारा दांडा, हलतो का? ‘कधी बघितलं नाही’ असं उत्तर आलं, तर बघून सांगा म्हणावं. बाकीच्या बहुतेक दुखण्यांवर पाना, ग्रीस आणि नवे छर्रे हा उतारा आहे. या दोन दुखण्यांचं तसं नाही.

फ्रेम स्टीलची, सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा, आणि मध्ये घाम आणि पावसाचं पाणी. दोन वेगळे धातू असे ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि त्यातून तयार होणारा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. बसवताना ग्रीस लावलेलं नसेल तर काही वर्षांत पोस्ट नळीत पाचर ठोकल्यासारखा बसतो. मग गंज सोडवणारं तेल घालून दिवसचे दिवस वाट बघा, पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून सगळी फ्रेम पिळून बघा, आणि तेही नाही जमलं तर पोस्ट कापून आतून करवतीने उभ्या चिरा पाडत काढा. करवत जरा जास्त खोल गेली की फ्रेमची नळी गेली. अडकलेल्या पोस्टची सायकल घ्यायचीच असेल, तर त्याच उंचीवर आपल्याला बसता येतं का ते बघावं आणि भाव तसाच लावावा.

तपासायची रीत सोपी आहे. विकणाऱ्याला विचारून, पोस्ट फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे चिकटपट्टीने खूण करा, सीटचा बोल्ट सैल करा आणि सीट डावी-उजवीकडे फिरवा. स्टेमसाठी वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि हातोडीने हलका ठोका द्या, म्हणजे आतली पाचर सुटते. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवायचं. बोल्ट सैल केल्यावर तो ठोका द्यायचं बरेच जण विसरतात आणि स्टेम जाम आहे असं उगाच ठरवून मोकळे होतात.

पोस्ट निघाला तर त्यावर कोरलेला आकडा वाचा, नसेल तर व्हर्निअर लावा. नळी कोणत्या दर्जाची आहे हे स्टिकरपेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. स्टिकर नवे करून मिळतात, पोस्टचा व्यास कुणी बदलत नाही. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असेल आणि पोस्ट २७.२ चा असेल, तर नळीची भिंत पातळ, म्हणजे चांगल्या प्रतीची. रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या स्टील नळीच्या डबल-बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) फ्रेममध्ये बहुधा हाच आकडा सापडतो. त्याच नळीत २६ किंवा त्याहून कमी मापाचा पोस्ट नेमका बसत असेल, तर भिंत जाड आणि फ्रेम जड. फ्रेंच सायकलींना मात्र हा हिशेब लावू नका. त्यांची नळीच २८ मिमीची, त्यामुळे चांगल्या फ्रेमचा पोस्टही लहान निघतो. आणखी एक: सीट-लगचे दोन कान एकमेकांकडे चिमटले गेले असतील, तर कुणीतरी लहान मापाचा पोस्ट बळेच आवळून बसवलेला आहे.

आता अपघाताच्या खुणा. सायकल समोरून धडकली की मार बसतो तो हेड ट्यूबच्या (हँडल जिच्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या बुडाशी. तिथे नळीच्या पोटाकडच्या बाजूने अंगठा फिरवा. फुगवटा किंवा सुरकुती डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागते, आणि रंगाला आडवे बारीक तडे असतात. मग बाजूने उभं राहून बघा. हेड ट्यूबची रेघ फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) पायांत सरळ उतरायला हवी आणि पुढचा बाक त्यानंतर सुरू व्हायला हवा. पाय मागे ढकलल्यासारखे दिसले तर धडक झालेली आहे. स्टीलचा फोर्क जाणकार माणूस सरळ करू शकतो, पण खालची नळी सुरकुतली असेल तर तिथेच थांबावं. सुताची चाचणी फुकटची आहे, तीही करावी. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला) दोरा बांधून तो हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालतो. चार-पाच असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलाय.

नव्याने रंगवलेल्या फ्रेमकडे जरा संशयानेच बघावं. रंगाखाली पुटी भरलेली असेल तर छोटं लोहचुंबक तेवढ्या जागी नीट धरत नाही. गंज आतून असतो, म्हणून पोस्ट काढलेला असतानाच सायकल उलटी करून नळीवर टिचक्या मारा. चिमूटभर तांबूस भुकटी पडली तर हरकत नाही, पापुद्रे पडले तर आहे. टॉर्च पाडून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा एक्सल फिरतो त्या भागाच्या) तळापर्यंत बघा, सगळं पाणी शेवटी तिथेच साचतं. चिरा शोधायच्या त्या ड्रॉपआउटजवळ, सीट-लगवर आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर), चेनचं दातेरी चाक धरणाऱ्या भुजांपैकी पाचवी भुजा जिथे मुख्य दांड्याला मिळते त्या कोपऱ्यात. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या ‘रेकॉर्ड’ मालिकेतल्या जुन्या क्रँकना ही चीर नेमकी तिथेच पडते. हँडलची टेप सोडता येत नसेल तर निदान स्टेमच्या दोन्ही बाजूंना नीट बघा. चिरलेला हँडल किंवा स्टेम वापरायचा नसतो, मग तो कितीही दुर्मीळ असो.

पार्ट बदलता येतात हे खरं, पण कोणते मिळतील हे आट्यांवर ठरतं, आणि जुन्या सायकलीत लोक फसतात ते इथेच. बॉटम ब्रॅकेटच्या कपावर (छर्र्यांच्या कटोरीवर) बहुधा माप कोरलेलं असतं: पहिला आकडा व्यासाचा, दुसरा आट्यांचा. १.३७ × २४ म्हणजे इंग्लिश. चेनच्या बाजूला उलटे आटे, शेल (कप बसतात ती आडवी नळी) ६८ मिमी रुंद, आणि पार्ट आजही सहज मिळतात. ३६ × २४ म्हणजे इटालियन. शेल ७० मिमी आणि दोन्हीकडे सुलटे आटे, त्यामुळे चेनकडचा कप चालवता चालवता ढिला होतो. तो चांगला आवळावा लागतो, पण पार्ट मिळतात. ३५ × १ म्हणजे फ्रेंच किंवा स्विस, आणि इथून शोधाशोध सुरू होते. फ्रेंच स्टेमही २२.२ ऐवजी २२.० मिमीचा असतो. रॅले या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांवर इंचाला २६ असे त्यांचे स्वतःचेच आटे असतात. आतलं सगळं ठीक असेल तर छर्रे आणि ग्रीस बदलून ती सायकल वर्षानुवर्षं चालेल. कप किंवा एक्सल खड्डे पडून गेला असेल, तर विकत घेण्याआधी बदली पार्ट कुठून आणणार ते ठरवा.

चाकं २७ इंची आहेत की ७००सी, हे टायरवर लिहिलेलं असतं. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास पहिल्यात ६३० मिमी, दुसऱ्यात ६२२. त्रिज्येत फरक फक्त ४ मिमी, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकत असतील तर ७००सी चाकं बसवता येतात आणि टायरची निवडही वाढते. रिमला चुंबक चिकटलं तर ती स्टीलची, आणि ओल्या रस्त्यावर तिचा ब्रेक जेमतेमच लागतो. टायर रिमला गोंदाने चिकटवलेला ट्युब्युलर असेल तर अंगठ्याने बाजूला रेटून बघा. सुटत असेल तर त्यावर चक्करही मारू नका, वळणावर टायर रिमवरून उतरतो.

मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी फ्रेमच्या आतून मोजा: १२० मिमी पाच गिअरची, १२६ सहा किंवा सात गिअरची, १३० त्यापुढची. फ्रीव्हीलच्या (हबवर आट्यांनी बसवलेल्या मागच्या दातेरी चाकांच्या) हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे एक्सलचं लांब टोक आधाराविना राहतं आणि वाकतं. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक गरगरताना डुलत असेल तर तो वाकलाय. चेनचे बारा पूर्ण दुवे म्हणजे ३०४.८ मिमी. दीड मिमी वाढली असेल तर चेन बदलायची, तीन मिमी वाढली असेल तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही गेले.

पुढचं चाक उचलून हँडल हलकेच फिरवा. मधोमध आल्यावर खाच लागून थांबत असेल तर हेडसेटच्या (हँडल ज्यांवर फिरतं त्या छर्र्यांच्या) कटोरीत खड्डे पडलेत. चालवून बघताना एकदा उभं राहून जोर लावा, फ्रीव्हील निसटतं का ते तेव्हाच कळतं.

सायकल कोणत्या सालची, हे विकणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. शिमानो या जपानी कंपनीच्या बऱ्याच जुन्या पार्टवर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, आणि दुसरं महिन्याचं. म्हणजे ई-सी हा मार्च १९८०. कॅम्पाग्नोलो रेकॉर्डच्या हबच्या लॉकनटवर ‘कॅम ७४’ असं सरळ साल मिळतं. पार्टची सालं एकमेकांच्या जवळपास असतील तर सायकल मूळ अवस्थेत आहे. दहा वर्षांचं अंतर असेल तर ती जोडजुळव आहे. चालवायला त्याने काही बिघडत नाही, पण ‘ओरिजिनल’चा भाव मात्र देऊ नये.

भाव ठरवताना दोन टायर, दोन ट्यूब, सगळ्या केबल आणि त्यांची आवरणं, ब्रेकचे चार रबर, टेप, चेन आणि चारही ठिकाणचे (दोन हब, हेडसेट, बॉटम ब्रॅकेट) छर्रे यांचा खर्च आधी कागदावर मांडा आणि तो मागितलेल्या किमतीत मिळवा. यातलं काहीही जुनं ठेवून भागत नाही, ब्रेकचे रबर तर मुळीच नाही. फ्रेम नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली असतो. तो घासलेला असेल तर पुढचं बोलणंच नको. नंबर शाबूत असेल तर तो घालून दोघांच्या सहीची पावती करून घ्या.

सायकल घरी आली की पहिल्याच संध्याकाळी सीटपोस्ट आणि स्टेम पूर्ण बाहेर काढा, नळी आतून पुसा, दोन्हींना भरपूर ग्रीस लावा आणि पोस्टवरची किमान खोलीची रेघ नळीच्या आत जाईल असे परत बसवा.